आई घरीच आहे

१

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी चष्मेवाला स्वयंपाकघरात आला, तेव्हा तांदूळ निवडून झालेले होते.

रात्री बायकोने नव्या तांदळाची पिशवी परातीत ओतून ठेवली होती. सुगीच्या सणाला नवं धान्य शिजवायचं म्हणून हा तांदूळ शेतावरून थेट आलेला, म्हणजे खडे आणि तूस फुकट. "उद्या बघू. आता मला खडा कुठला नि तांदूळ कुठला ते कळत नाहीये," असं म्हणून ती झोपायला गेली होती. आता परातीतला तांदूळ मोत्यासारखा स्वच्छ होता. शेजारी वर्तमानपत्रावर तीन लहान ढीग होते. खडे, तूस आणि कणी.

तेवढ्यात बायको डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि परातीकडे पाहत राहिली.

"अरे वा. आज सूर्य कुठून उगवला? तुम्ही निवडलेत?"

चष्मेवाला 'नाही' म्हणणार होता. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको असं कौतुकाने बघते तेव्हा माणसाला 'नाही' म्हणवत नाही.

"जाग आली होती लवकर," तो म्हणाला.

दुकानाकडे जाताना त्याने मनाशी ठरवून टाकलं की तांदूळ तिनेच निवडले आणि आता आपली फिरकी घेतेय. पण बायको निवडते तेव्हा एकच ढीग होतो आणि तो कचऱ्यात जातो. कणी वेगळी काढणारं, 'पाखरांना होते' म्हणून ती जपून ठेवणारं माणूस त्या घरात एकच होतं. आणि ते आता त्या घरात राहत नव्हतं.

२

चष्म्याच्या दुकानात त्याची नोकरी जुनी होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं आणि गिऱ्हाईकाचा नंबर तपासणं, ही दोन्ही कामं त्याचीच. दिवसभर तो लोकांना एकच विचारायचा, "आता बरं दिसतंय? की आता?" निम्मे लोक म्हणायचे, दोन्ही सारखंच. त्यावर त्याचा ठरलेला विनोद होता, "मग तुम्हाला चष्मा नको, सुट्टी हवी."

त्या दिवशी विनोद काही सुचला नाही. दुपारी बहिणीचा फोन आला. धाकटी बहीण, घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. दोन विमानं बदलून जावं लागेल इतकी दूर राहायची.

"दादा, उद्या जेवायला बसताना मला व्हिडिओ लाव. आईला पहिला घास घेताना बघायचंय."

त्यांच्या घरात तशी रीत होती. सुगीच्या दिवशी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने नव्या धान्याचा पहिला घास घ्यायचा. तोवर कोणी तोंडात काही घालायचं नाही. वडील होते तोवर वडील, मग आई.

"लावतो की," तो म्हणाला.

"आई बरी आहे ना? मला ओळखेल?"

"बरी आहे. आई घरीच आहे, जाणार कुठे?"

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ एकच काच पुसत राहिला.

आई घरी नव्हती. चार महिने ती शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. आधी ती माणसं विसरली. मग गॅस चालू ठेवून झोपायला लागली. मग एका दुपारी अनवाणी निघून गेली आणि बस डेपोत सापडली. बायको तिचं सगळं करत होती, पण बायकोचंही वजन उतरलं, झोप गेली. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं. ठरवताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

चिमणीला त्याने सांगितलंच नाही. ती आधीच म्हणाली होती, "जमेनासं झालं तर मला सांग. मी सगळं सोडून येईन, पण आईला कुठे ठेवू नकोस." ती खरंच आली असती. आणि ती आली असती, म्हणूनच त्याने सांगितलं नाही. तो रविवारी आश्रमात जायचा आणि आईला पांढऱ्या भिंतीपुढे बसवून तिथून फोन लावायचा. भिंत कुठलीही असो, भिंतीसारखीच दिसते.

मध्ये एकदा तो आईला दुपारपुरतं घरी घेऊन आला होता. परत निघायच्या वेळी तिने दाराची चौकट धरली. रडली नाही, बोलली नाही, फक्त धरून राहिली. तिचं एकेक बोट त्यालाच सोडवावं लागलं होतं. तेव्हापासून घरी आणायचा विषय निघाला की तो म्हणायचा, "तिलाच त्रास होतो."

३

संध्याकाळी बायको दारावर भाताच्या लोंब्यांची जुडी बांधत होती आणि तो स्टूल धरून उभा होता. तेव्हा दोघांनाही तो आवाज ऐकू आला.

फट्, फट्, सर्रर्र. मग जरा थांबून पुन्हा. फट्, फट्, सर्रर्र.

सुपाने धान्य पाखडल्याचा आवाज. ज्याच्या लहानपणी घरात सूप होतं, त्याला तो दुसऱ्या कशाचा वाटणं शक्य नाही.

"वरच्यांकडे असेल," चष्मेवाला म्हणाला.

"वर गच्ची आहे."

"मग खाली."

"खाली बॅंक आहे. बॅंकेत पाखडतात का?"

तिने हसायचा प्रयत्न केला, पण लोंब्यांचा धागा तिच्या हातून सुटला. आवाज आतून येत होता, आईच्या खोलीतून. खोलीला अजून आईची खोलीच म्हणायचे. आता तिथे इस्त्रीचं टेबल होतं आणि दुकानातून आणलेल्या जुन्या फ्रेमांचे खोके.

तो दाराशी गेला तसा आवाज थांबला. घाबरून थांबल्यासारखा नाही. कोणी आलंय, बघू या काय म्हणतंय, असा थांबला.

त्याने दिवा लावला. टेबल होतं, खोके होते. जिथे आईची खाट असायची तिथे फरशीवर तूस पडलं होतं, मुठीएवढं. माळ्यावर कापडात बांधून ठेवलेलं सूप भिंतीला टेकवून उभं होतं.

बायको मागे येऊन थांबली. तिने सुपाकडे पाहिलं आणि जरा जास्तच पटकन म्हणाली, "ते मीच काढलं दुपारी. उद्या लागेल म्हणून."

"आणि हे तूस?"

"झटकलं असेन. जुनं असेल त्यात."

त्याला हायसं वाटलं. मग त्याने खाली वाकून तूस बोटांत घेतलं. ते जुनं नव्हतं. त्याला अजून शेताचा वास होता. बायकोने लगेच झाडू आणला आणि दोघांनी मिळून खोली झाडली. पाहुणे यायचे असले की झाडतात तशी, कोपऱ्याकोपऱ्यातून.

४

सणाच्या सकाळी नव्या तांदळाचा वास घरभर पसरला. बायको गॅसपाशी उभी होती.

"आणा ना त्यांना आज," ती पाठमोरीच म्हणाली. "एक दिवसाचं काय."

"मागच्या वेळचं आठवतंय ना?"

"आठवतंय. रोज आठवतं."

"तिलाच त्रास होतो."

बायकोने भात ढवळला. मग म्हणाली, "काल सूप मी नव्हतं काढलं. तुम्ही घाबराल म्हणून म्हटलं."

त्यानेही सांगून टाकलं, "तांदूळ मी नव्हते निवडले."

तिने गॅस बारीक केला आणि पाटावर आईचं ताट मांडलं. रिकामी जागा नको, पहिला घास तुम्हीच घ्या, आता घरात मोठे तुम्हीच, असं ती म्हणाली. नव्या भाताची मूद ताटात पडली आणि त्याच क्षणी चिमणीचा फोन आला.

काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. आईला जरा बरं नाही, आत पडलीय, आणि मग नेटवर्क गेल्यासारखं करून फोन बंद. स्वयंपाकघराकडे पाठ करून त्याने फोन तोंडासमोर धरला.

"कुठाय आई?" चिमणीने नवी साडी नेसली होती. तिकडे तिची रात्र होती, तरी.

"अगं, ती जरा आत पडलीय. सकाळपासून..."

"पडलीय कुठे? मागे बसलीय की," चिमणी हसली. "दादा, तुझ्या मागेच. सूप मांडीवर घेऊन बसलीय. आई, ए आई!"

चष्मेवाला वळला नाही. फोनच्या कोपऱ्यात त्याचं स्वतःचं चित्र लहानसं दिसत होतं. त्याच्या खांद्यामागे आईच्या खोलीचं अर्धवट उघडं दार होतं आणि दारात काही तरी होतं. इतकं लहान की नंबर बरोबर असलेल्या माणसालाही नीट दिसू नये.

"चष्मा नाही घातला तिने?" चिमणी विचारत होती. "चष्म्याशिवाय खडे दिसतात तिला? बघ, बघ, वर बघितलं. ओळखलं तिने मला. दादा, तिने मला ओळखलं."

चिमणी रडायला लागली. तिच्या हातातला फोन हलला, चित्र थिजलं आणि फोन बंद पडला. या वेळी नेटवर्क खरंच गेलं होतं.

तो वळला. दार अर्धवट उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. बायको गॅसपाशी तशीच उभी होती, पण भाताकडे पाहत नव्हती. ती पाटावरच्या ताटाकडे पाहत होती.

मुदीचा एक कोपरा गेला होता. तीन बोटांनी भात उचलला की जशी खोबण राहते, तशी खोबण तिथे होती.

५

त्याने आश्रमात फोन केला. तिथल्या देखरेख करणाऱ्या बाई शांत स्वभावाच्या होत्या.

"आहेत की. अंगणात बसल्यात. का हो?"

"बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे. पण काल सकाळपासून हात हलवत बसतात. मांडीवर काही तरी धरल्यासारखं. आणि आज जेवायला नको म्हणाल्या."

"का?"

"घरी जेवले, म्हणतात. नव्या तांदळाचा भात होता, म्हणतात." बाई थोडं हसल्या. "सण आहे ना आज. त्यांना आठवत असेल काही तरी. तुम्ही नेणार होतात का आज? त्यांनी कालच पिशवी भरून ठेवली होती."

चष्मेवाल्याने पायात चपला सरकवल्या. बायको म्हणाली, मीही येते. मग तिने आईच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको. घर उघडं टाकून कसं जायचं?"

घराला कुलूप होतं, लावता आलं असतं. पण ती जे म्हणाली त्यामागचं त्याला कळलं. घरात कोणी असताना बाहेरून कुलूप लावत नाहीत.

टॅक्सीत बसल्यावर त्याने सगळं पुन्हा तपासून पाहिलं. चिमणीला आईला बघायचंच होतं, म्हणून दिसली. बायकोची झोप अजून पुरी झालेली नाही. ताटातला भात डावाने वाढताना तुटला असेल. आश्रमात आईला सणाची चाहूल लागली असेल, तिथेही लोक बोलतातच. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. प्रत्येक कारण वेगवेगळं होतं, एवढंच त्याला खटकत होतं.

आणि एक गोष्ट त्याने मुद्दामच तपासली नाही. फोन बंद पडला तेव्हा, अगदी त्या क्षणी, त्याला भीतीच्या आधी सुटका वाटली होती. चला, चिमणीला दिसली एकदाची आई, असं.

६

आई अंगणात बाकावर बसली होती. डोळ्यांवर त्यानेच बनवलेला चष्मा होता आणि पायाशी पिशवी. हात आता मांडीवर स्वस्थ होते.

"आई, चल. घरी जाऊ."

तिने मान वर केली आणि शिष्टाचाराने हसली.

"तुम्ही कोण?"

"मी. तुझा मुलगा."

"माझा मुलगा चष्म्याच्या दुकानात आहे," ती म्हणाली. "फार चांगला आहे. मला कुठे ठेवलं नाही त्याने. मी घरीच असते."

देखरेख करणाऱ्या बाईंनी हळूच त्याच्याकडे पाहिलं. रोज असंच बोलतात हो, मनाला लावून घेऊ नका, असं त्या नजरेत होतं.

"मग ही पिशवी कशाला भरलीस?" त्याने विचारलं.

आईने पिशवीकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची होती. "भरली होती खरी. पण आता जाऊन आले की मी. तुम्ही कोणाला न्यायला आलात?"

तरी त्याने तिला हाताला धरून उठवलं. ती आली. अनोळखी माणसाने मदत केली तर नाही कशाला म्हणा, अशा रीतीने आली. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. एका वळणावर ती आपणहून म्हणाली, "भात छान झाला होता. मीठ थोडं कमी."

७

जिना चढताना आई दमली, म्हणून तो तिला धरून एकेक पायरी चढवत होता. वरून बोलणं ऐकू येत होतं. दोन आवाज होते. एक फोनमधून येणारा, चिमणीचा. दुसराही त्याने ओळखला, आणि त्याचा पाय पायरीवरच थांबला.

"अगं चिमणे, जेवलीस का तू? तिकडे रात्र झाली ना? मग जागी कशाला राहिलीस?"

आईचा आवाज, खणखणीत. चार वर्षांपूर्वीचा, पाच वर्षांपूर्वीचा. चिमणीला चिमणी म्हणणारा.

हाताला धरलेली आई त्याच्या शेजारी उभी होती. तिने ओठ हलवले नव्हते.

बायकोने दार उघडलं, त्याने बेल वाजवण्याआधीच. ती बाहेर आली आणि दार मागे लोटून घेतलं. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. बऱ्याच दिवसांनी झोप मिळालेल्या माणसासारखा तिचा चेहरा होता.

"चिमणीचा फोन माझ्या मोबाईलवर आला," ती कुजबुजली. "मी काय करणार? त्यांनी हात पुढे केला. मी दिला."

"कोणी?"

ती उत्तर देणार होती, पण तिची नजर जिन्यात उभ्या असलेल्या सासूकडे गेली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

"सगळं आठवतंय त्यांना," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माझ्या आईची चौकशी केली. मला म्हणाल्या, वाळलीस गं. आणि काहीच मागत नाहीत."

दाराच्या फटीतून आतलं दिसत होतं. पाट, ताट, आणि ताटाकडे झुकलेली पाठ. विटकी निळी साडी. ताटाभोवतालची सांडलेली शितं एकेक करून उचलणारा हात, ओळखीची बोटं, जी त्याने एकदा एकेक करून सोडवली होती. मग ती पाठ हलली. मागे वळून कोण आलंय ते बघावं, तशी.

चष्मेवाल्याने आपला चष्मा काढला.

आता फटीत नुसता निळा आणि पांढरा रंग उरला. त्या रंगाला चेहरा असेल तर तो त्याच्याकडे वळलेला होता.

"आलास का रे?" आतून विचारलं. "दारात का उभा? ये, जेवून घे."

त्याच्या हातातला हात हलला. शेजारची आई दबक्या आवाजात, लाजल्यासारखी म्हणाली, "कोणाच्या घरी आलो हो आपण? त्यांची जेवणं चाललीत. सणाच्या दिवशी असं दारात उभं राहणं बरं दिसत नाही. चला."

तो बायकोकडे पाहत राहिला. बायको त्याच्याकडे. आधी ठरवताना दोघांनी नजर चुकवली होती. या वेळी कोणी चुकवली नाही. मग बायकोने हळूच मागे सरून दाराच्या आत पाऊल ठेवलं.

"चला," चष्मेवाला आईला म्हणाला.

आणि तो तिला घेऊन जिना उतरू लागला.

८

आश्रमात पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. देखरेख करणाऱ्या बाई पुढे आल्या. "लगेच परत? काय झालं?"

"तिलाच त्रास होत होता," तो म्हणाला.

बाईंनी पिशवी घेतली आणि खाट नीट करायला आत गेल्या. तो आईबरोबर बाकावर बसला. आत कुठे तरी भांडी घासत होते. आई प्रवासाने थकली होती, पण खुशीत होती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही चष्मा नाही घातला," ती म्हणाली. "नाकावर वण दिसतोय, म्हणजे घालता तुम्ही."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चष्मा अजून मुठीतच आहे. काडी वाकली होती. तो हाताने सरळ करायला लागला. रोज करायचं काम, पण होईना.

"जाऊ दे," आई म्हणाली. "माझा मुलगा करून देईल. त्याच्याकडे नेऊन द्या, माझं नाव सांगा. पैसे घेणार नाही तो." मग काही तरी सुचल्यासारखी ती थांबली. "तुम्हाला आई आहे?"

त्याने मान हलवली.

"मग असे इथे काय बसलात? सणाचा दिवस आहे. जेवायची थांबली असेल ती." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "किती उशीर केलात बाबा. जा, लवकर जा तिच्याकडे. मला काय, माझी माणसं येतील."

आणि परक्या माणसाचा हात फार वेळ धरू नये, तसा तिने आपला हात काढून घेतला.